रांजणातलं सोनं

तळेघरला टपरीवर चहा घेताना लेण्यांचा विषय निघाला की पुरलेल्या सोन्याची गोष्ट येतेच. कुणी सात रांजण सांगतं, कुणी राखणदार नाग.

रांजण खरंच आहे बरं का! नाणेघाटाच्या माथ्यावर, दगडी. त्यात जकातीची नाणी टाकायचे म्हणतात. आता रिकामा. पण तिथल्या लेण्याच्या भिंती बघा. सुमारे २००० वर्षांपूर्वीचा, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. यज्ञात काय काय दान दिलं त्याचा हिशोबच: गाई, घोडे, हत्ती, हजारोंनी कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. तेही आकड्यांत! शून्य नाही, दहाला वेगळी खूण, शंभरला वेगळी, हजाराला वेगळी. दिवसभर कोड लिहिणारा मी त्या भिंतीपुढं तासभर अडकतो.

आणि गुप्तधनाच्या नादात लोक लेण्यांत, गडांवर पहारी चालवतात. अहो, १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मिळणार काय? फुटणार मात्र भिंत.

त्याच लेण्यात राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावं दिसतात, खाली फक्त पावलांच्या खुणा.