जून-जुलैचा हिशेब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षं पूर्ण केल्याबद्दल संस्थेचं अभिनंदन. ‘कमी उत्पन्नाची कुटुंबं आपल्या पायावर कशी उभी राहतील’ यावर बोला, असं सचिवांनी सांगितलं. बँकेत असताना बचत गटांची खाती सांभाळली, तेवढ्या बळावर बोलतोय. विषय मोठा आहे. मी तो अलिबागच्या आसपासच्या किनाऱ्यापुरता, आणि त्यातही पावसाळ्यापुरता ठेवतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. आपल्या गेटवर पाटी घेऊन येणाऱ्या मावशींकडे तेव्हा उन्हाळ्यात वाळवलेले सोडे, जवळा, बोंबील एवढंच. पांढऱ्या कांद्याच्या माळा तोवर संपत आलेल्या, पर्यटक कमी झाल्यामुळे खानावळींना गिऱ्हाईक नाही. आणि वह्या-पुस्तकं, छपराचे पत्रे, तापाची औषधं, हा सगळा खर्च नेमका याच दिवसांतला. कातकरी वाड्यांवर तर चूल पेटायची पंचाईत. पावसात वीटभट्ट्या बंद. मग मुकादम उचल देतो, आणि पाऊस सरला की ती फेडायला अख्खं कुटुंब, शाळेतल्या पोरांसकट, भट्टीवर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा आहे. उचल अजून संपलेली नाही.

म्हणून कुठलीही योजना समोर आली की मी एकच बघतो, ती जून-जुलैत कामाला येते का?

बचत गट येतो. आपल्या सोसायटीसारखाच तो. दहा ते वीस बायका, ठराव, हिशेबाची वही, आणि आपण सिंकिंग फंड काढतो तशी दरमहा थोडी बचत. फरक एवढाच, की आपल्या एजीएमला कोरम भरत नाही म्हणून अर्धा तास थांबून सभा घ्यावी लागते, तिकडे गैरहजर बाईला दंड असतो! समजा, एकीला जूनमध्ये ३,००० रुपये लागले. सावकाराकडून महिना शेकडा दहाने घेतले, तर तीन महिन्यांत ९०० रुपये व्याज गेलं. गटातून शेकडा दोनने घेतले, तर १८०, आणि तेही गटाच्याच पेटीत.

नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग केला, तिथून हे वाढलं. आपल्या राज्यात १९७५ पासून ‘माविम’ आहे, २०११ पासून ‘उमेद’ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, ही पंचसूत्री पाळणाऱ्या गटाला बँक कर्ज देते. ‘उमेद’च्या महिला गटांसाठी ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर आहे. याउलट दारात येऊन कर्ज देणाऱ्या काही कंपन्यांचा हप्ता आठवड्याला. होडी किनाऱ्यावर उलटी पडलेली असली तरी हप्ता येतोच. तो भरायला दुसरं कर्ज, त्यासाठी तिसरं. असल्या कर्जाला मी तरी मदत म्हणणार नाही.

पण गटाच्या पेटीलाही मर्यादा आहे. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठवा. नागाव-चौलपासून श्रीवर्धनपर्यंत सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवं रोप फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं गटाच्या उसनवारीवर निघत नाहीत, घरात दुसरी कमाई लागते. त्यासाठी बँक ऑफ इंडियाची स्वरोजगार प्रशिक्षण संस्था आपल्या जिल्ह्यात आहे. शिकणं, राहणं, जेवण, सगळं मोफत. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं, मासे विकणाऱ्या बाईलाही मिळू शकतं. वेळेवर फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं.

मग अडतं कुठे? कागदावर. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, खातं बंद पडलेलं, जातीचा दाखला कधी काढलेलाच नाही. या बाईला काउंटरवर ‘उद्या या’ म्हटलं की तिची एका दिवसाची मजुरी बुडते. तिसऱ्यांदा ती येत नाही. गावातली सीआरपी ताई, बँक सखी तिच्यासोबत येऊन बसते, फॉर्म भरून घेते, तेव्हाच काम होतं. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत सगळ्यात मोलाचं काम त्या ताईचं आहे, आणि मानधन सगळ्यात तुटपुंजं तिचंच.

आता सोसायटीकडे येतो. जिना झाडणाऱ्या ताई आणि वॉचमनकाका यांचा पगार ठरल्या तारखेला खात्यात जमा व्हावा. दिवाळीला बोनस देताच, तसा मेअखेरीस बिनव्याजी अॅडव्हान्स द्या, सहा महिन्यांत कापून घ्या. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये, अपघाती विमा २ लाखांचा. तो हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून जातो, आणि नेमके तेव्हाच खात्यात २० रुपये नसतात. तेवढे संस्थेने आठवणीने भरावेत. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर एखाद्या गटाला द्या, पण निम्मे पैसे आगाऊ द्या, नाहीतर बेसन-तुपासाठी त्यांना पुन्हा सावकाराकडे जावं लागेल.

आणि शनिवारी सकाळी पार्किंगच्या कोपऱ्यात गटाला दोन टेबलं मांडू द्यावीत, असं मला वाटतं. वासाची तक्रार येईल, हे धरूनच चाला. सुकी मासळी गेटबाहेर, पापड-लोणची आत, असा मधला मार्ग निघतो. सचिवांनी पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतला, तर गटाच्या बायकांना घेऊन मी स्वतः येईन.