शर्यत कोणती घ्यावी आणि कशी पोहावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पोहण्याचे फायदे सांगायला मी उभी राहिलेली नाही. ते आपणां सर्वांना ठाऊक आहेत. आणि ठाऊक असूनही ज्यांना पहाटे अंथरूण सोडवत नाही त्यांना माझ्या भाषणाने काही फरक पडेल असे वाटत नाही. सकाळच्या तुकडीतल्या काही जणींनी यंदा मास्टर्स शर्यतींत उतरायचे ठरवले आहे. कोणी कोणती शर्यत घ्यावी यावर गेले पंधरा दिवस तलावाच्या काठावर जी चर्चा चालली आहे, तिच्याविषयी चार शब्द बोलावे, असे चिटणीसबाईंचे म्हणणे पडले.

‘मास्टर्स’ म्हणजे उस्ताद नव्हे. वयाची २५ वर्षे झालेल्या हौशी पोहणाऱ्यांच्या शर्यतींना जगभर हे नाव आहे, आणि त्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८६ साली टोकियोला झाली. गट पाच-पाच वर्षांचे असतात आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचे धरतात. म्हणजे मी ५८ वर्षांची बाई ५५ ते ५९ च्या बायकांशीच स्पर्धा करणार. पाण्यात मात्र निरनिराळ्या गटांना एकत्र उतरवतात आणि निकाल वेगवेगळा लावतात. तेव्हा शेजारच्या लेनमधली तिशीतली मुलगी सुसाट निघाली तर निघू द्यावी. ती आपल्या शर्यतीत नाहीच.

आता एका मैत्रिणीची हकीकत तिच्या परवानगीने सांगते. मागच्या स्पर्धेत तिने एकाच सकाळी चार शर्यतींत नाव दिले होते. प्रवेशपत्रिकेवर जागा होती म्हणून दिले, एवढेच. तिची सगळ्यांत चांगली शर्यत म्हणजे १०० मीटर फ्रीस्टाइल. ती आली तिसरी, अंग अजून धापेतून सावरले नव्हते तेव्हा. पहिले ५० मीटर ती फार सुरेख गेली. ७५ मीटरवर तिने दोरी धरली. काठावर नातवंडे टाळ्या वाजवायला उभी होती. त्या दिवसानंतर आठ महिने ती तलावावर फिरकली नाही. पोहणे तिला येत नव्हते असे कोण म्हणेल? आपणांपैकी निम्म्या जणींना तिनेच पाण्यात उतरवले आहे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, आधी कार्यक्रमपत्रिका मागवावी आणि मग नाव द्यावे. आपल्याला आवडणाऱ्या दोन शर्यती एकामागोमाग आहेत की मध्ये तासाभराचा अवकाश आहे, हे पाहिल्याशिवाय निवड करणे म्हणजे पाहुणे किती ते न विचारता भात टाकण्यासारखे आहे. पहिल्या वर्षी दोन वैयक्तिक शर्यती आणि एक रिले पुष्कळ झाले. आपली जी खरी शर्यत, तिच्या आधी दुसरी कोणतीही घेऊ नये. घ्यायचीच झाली तर ५० मीटरची.

प्रकार निवडताना शरीराचे ऐकावे. आपल्या गल्लीतल्या ६१ वर्षांच्या काकूंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण श्वास कोंडू नका असे बजावले. त्यांनी ५० मीटर बॅकस्ट्रोक घेतली, आणि निवड अगदी योग्य आहे. तोंड वर असल्याने श्वास हवा तेव्हा घेता येतो, आणि या शर्यतीची सुरुवात पाण्यातूनच असल्यामुळे सूर मारायचा प्रश्न नाही. भिंतीपासून ५ मीटरवर वर पताका लावलेल्या असतात. पताका दिसल्यापासून भिंतीपर्यंत किती हात लागतात ते सरावात मोजून ठेवले की डोके आपटत नाही. सुराची भीती असलेल्या इतर जणींनीही निराश होऊ नये. मास्टर्समध्ये पाण्यात उभे राहून भिंतीला रेटा देऊन निघण्याची मुभा आहे. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांनी एकच लक्षात ठेवावे, वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. उत्तम पोहून शेवटी एका हाताने भिंत गाठणाऱ्या बायका बाद होताना मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे चेहरेही.

वेगाचा हिशेब हा खरा विषय. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या. सोप्या भाषेत, वेग दहावा हिस्सा वाढवायला शक्ती जवळजवळ एक तृतीयांश जास्त खर्चावी लागते. सुरुवातीला उधळलेली ही शक्ती परत मिळत नाही. मी मुद्दाम दोन रविवार नातीच्या हातात स्टॉपवॉच देऊन १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहून पाहिले. एका रविवारी पहिले ५० मीटर जोरात, १ मिनिट १० सेकंदांत. परतीला १ मिनिट २८ लागली, एकूण २ मिनिटे ३८. दुसऱ्या रविवारी जाताना १ मिनिट १५, येताना १ मिनिट १८, एकूण २ मिनिटे ३३. पाच सेकंद वाचले आणि वर आल्यावर बोलताही येत होते. नातीला दुसरी खेप कंटाळवाणी वाटली, तो भाग वेगळा.

सूर मारून निघणाऱ्यांचे पहिले ५० मीटर दोन-तीन सेकंद लवकर होतात. तेवढा फरक साहजिक समजावा. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये जॅनेट इव्हान्सने ४०० मीटर फ्रीस्टाइल ४ मिनिटे ०३.८५ सेकंदांत जिंकली, तेव्हा तिचे दुसरे २०० मीटर पहिल्यापेक्षा किंचित वेगाचे होते. तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला.

पाण्यात घड्याळ दिसत नाही, मग वेग कळावा कसा? हात मोजावेत. सरावात एका लांबीला ३० हात लागत असतील आणि शर्यतीत पहिल्याच लांबीला ३६ झाले, तर आपण पुढे जात नसून नुसते पाणी ढवळतो आहोत. २०० मीटरमध्ये पहिले ५० मीटर ‘फारच हळू झाले’ असे वाटले पाहिजे. कसोटी तिसऱ्या ५० मीटरला लागते. तिथे जोर वाढवावा, म्हणजे वेग कायम राहतो. ५० मीटरला मात्र हा हिशेब नको. तिथे पहिले चार हात लांब घ्यावेत आणि मग जे आहे ते सगळे द्यावे.

प्रवेशपत्रिकेवर वेळ खरी लिहावी. त्या वेळेवरून हीट लावतात. मोठेपणा मिरवायला कमी वेळ लिहिली की आपण वेगवान बायकांत जाऊन पडतो आणि त्यांच्यामागे फरफटत जातो. दोन शर्यतींच्या मध्ये कोरडे कपडे, शाल, थोडे पाणी आणि एखादे केळे. वडापाव रिलेनंतर.

रिलेचेच सांगून संपवते. ४ × ५० मीटर मेडले रिलेत चौघींच्या वयांची बेरीज करून गट ठरतो. बॅकस्ट्रोकला आपल्या ६१ च्या काकू, ब्रेस्टस्ट्रोकला ५८ ची मी, आणि शेवटच्या फ्रीस्टाइलला ज्यांची हकीकत सांगितली त्या ५४ च्या मैत्रीणबाई. त्यांनी या सोमवारी होकार दिला. बेरीज झाली १७३. बटरफ्लायची जागा रिकामी आहे. घाबरू नका, मास्टर्समध्ये बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकसारखे पाय मारलेले चालतात, आणि जायचे आहे ५० मीटरच. चौथी २७ ते ६६ वर्षांची मिळाली तर आपण २०० ते २३९ च्या गटात. ६७ किंवा त्याहून मोठी मिळाली तर सरळ वरच्या गटात, आणि तिथे बायका कमी असतात. तेव्हा निदान या कामापुरते कोणी वय लपवू नये. पत्रिका चिटणीसबाईंच्या टेबलावर आहे. शनिवारी संध्याकाळी ती पाठवायची आहे.