सातबाऱ्यावर न लिहिलेली माती

आमचं रान सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. मळीची जमीन, इनमीन साठ गुंठे. चहूकडे ऊस आणि मध्ये आमचं माळवं. वांगी, दोडका, घेवडा, मेथी. आठवड्याच्या बाजारात आई आणि मी बसून ते विकतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. पाणी ओसरलं तेव्हा वांग्याची झाडं काळी पडली होती, मोटार गाळात रुतली होती आणि सोसायटीचं कर्ज तसंच होतं. दिवाळीनंतर एक वीटभट्टीवाले घरी आले. म्हणाले, ‘वरची दोन फूट माती द्या, रोख पैसे देतो. रान तुमचंच राहतंय की!’ धाकटा भाऊ तयार झाला. खोटं कशाला सांगू, मनातून मीही तयार होतो. आई एवढंच म्हणाली, ‘औंदा पैसं येतील रं. पर म्होरल्या साली लावायचं कशात?’

आमचा व्यवहार मोडला. बांधापलीकडच्या रानातली माती मात्र गेली. सातबाऱ्यावर त्यांचं क्षेत्र एका गुंठ्यानंही कमी झालं नाही, पण रान दोन फूट खाली गेलं. पावसाळ्यात तिथं तळं साचतं, वाफसा लवकर येत नाही. आमचा बांधही दर वर्षी त्या बाजूला ढासळतो.

श्रोतेहो, भाजीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. शेणखताचा कस, गांडुळं, जिवाणू, सगळं तिथंच. त्याखालची माती दिसायला तशीच, पण घट्ट आणि उपाशी. पुराच्या गाळाचंही तेच. तो सुकला की फरशीसारखा तडकतो. त्याची माती करावी लागते. आम्ही शेणखत विस्कटलं, 2020 च्या पावसाळ्यात निम्म्या रानात ताग पेरला आणि फुलावर येताच गाडला. 2021 मध्ये पुन्हा पूर आला, पुन्हा तेच केलं. वांगी निघाल्यावर त्या जागी टोमॅटो-मिरची लावत नाही. ती एकाच कुळातली, रोगही तेच. तिथं घेवडा किंवा चवळी करतो. आता खुरपताना गांडूळ दिसलं की आई हाक मारून दाखवते.

कर्ज फिटायला चार वर्षं लागली. माती विकली असती तर ते एका दिवसात फिटलं असतं, हेही खरं.

कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात 1970-71 मध्ये एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टरवर आली. आमच्या साठ गुंठ्यांच्याही उद्या वाटण्या होतील. पोरांच्या वाट्याला किती गुंठे आले, ते सातबारा सांगेल. त्या गुंठ्यांत माती किती उरली असेल, हे मात्र आज आम्हीच ठरवायचं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)