मावळतीचें तैलचित्र

बीड जिल्ह्यांतून बालाघाटाची रांग जाते. उत्तरेस गोदावरीकांठची काळी जमीन, दक्षिणेस खडकाळ, मुरमाड माळ. या उघड्या माळावरील सूर्यास्त चित्रकाराला मोह घालतो. परंतु मोह आणि चित्र यांमध्यें बरेंच अंतर आहे.

पहिली अडचण वेळेची. या अक्षांशावर सूर्यबिंब क्षितिजाला टेकल्यापासून सुमारें सव्वादोन मिनिटांत दिसेनासें होतें. पुढें २२-२४ मिनिटें संधिप्रकाश टिकतो, पण त्याचा रंग क्षणोक्षणीं पालटतो. तैलरंग मात्र सावकाश वाळतो. कारण त्यांतील जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होतें. म्हणून जाणता चित्रकार जागेवर लहानशा फळीवर रंगांचीं परस्पर नातीं तेवढीं टिपतो आणि मोठें चित्र घरीं रंगवितो. तेव्हां खालचे थर टर्पेंटाईननें पातळ व वरचे अधिक तेलकट असावे लागतात. हा क्रम उलटला, तर कालांतरानें चित्र तडकतें.

दुसरी अडचण छायेची. मावळता किरण हवेच्या लांब पल्ल्यांतून येतो. त्यांतील निळा प्रकाश वाटेंत विखुरतो व तांबडा-पिवळा उरतो. छायेवर मात्र वरच्या आकाशाची निळाई पडते. तेथें नुसता काळा रंग फांसला, तर बैल कागदी कात्रणासारखा दिसतो. त्याच्या वशिंडावर व शिंगांवर उजेडाची बारीक कड, आणि अंगाच्या छायेंत जांभळट झांक हवी. एकाच परिसरावर दीर्घकाळ नजर ठेवल्यावांचून ही जाण येत नाहीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले, शाहू छत्रपतींच्या आश्रयास असलेले आबालाल रहिमान (निधन १९३१) यांनीं कोल्हापूरच्याच परिसराचीं निसर्गचित्रें काढलीं, तीं याच निष्ठेनें.

तिसरी अडचण माणसांची, आणि ती सर्वांत कठीण. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधील असंख्य कुटुंबें ऊंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. कोणी बैलगाडीनें, कोणी मालमोटारींतून. संसाराचीं भांडीं, लेंकरें, सारें बरोबर. हंगाम संपला म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशीं तीं परततात. चित्रांत गाडीचें तोंड मावळतीकडे असेल, तर या मुलुखांत तिचा अर्थ बहुधां घर सोडणें असा होतो. मावळतीकडे पाठ असेल, तर परतणें. रंग तेच, धूळ तीच; परंतु एका गाडींतील माणसांच्या पाठी दिसतात, दुसरींतील छायेंत बुडालेले चेहरे.

हें ठाऊक नसलेला चित्रकार गाडीला केवळ शोभेसाठीं मध्यभागीं उभी करील. ठाऊक असलेला आधीं तिची दिशा ठरवील, मग आकाश रंगवील.