गंगाकाठी अमेरिकेचा इतिहास

काशीस पंचगंगा घाटाला लागून बालाजी घाट आहे. वरच्या बालाजीच्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला, त्यामुळे या घाटाची ओळख देशभर झाली. मराठी माणसाला तो पेशवाईच्या आठवणीमुळे आधीपासूनच आपला वाटतो. शेजारी ग्वाल्हेर घाट, पुढे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. अशा ठिकाणी बसून कोणी अमेरिकेचा इतिहास वाचू लागला, तर हा व्यासंग भलत्याच गावचा असे पाहणाऱ्याला वाटेल. पण ग्रंथ उघडले की तो याच गावचा निघतो.

१७७७ च्या ऑक्टोबरात साराटोगा येथे इंग्रजी सैन्य अमेरिकनांना शरण गेले. त्या विजयाने धीर येऊन फ्रान्सने १७७८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेशी तह केला, आणि इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपले. ही वार्ता कलकत्त्यास येताच वॉरन हेस्टिंग्जने युद्धखर्चासाठी काशीचा राजा चेतसिंग याच्याकडे ठरलेल्या खंडणीहून वेगळे पाच लाख रुपये मागितले. ही मागणी दरसाल होऊ लागली. तिकडे पुणे दरबाराशीही कंपनीची लढाई चालूच होती, तीही खजिना रिता करीत होती. अखेर १७८१ च्या ऑगस्टमध्ये हेस्टिंग्ज स्वतः काशीस आला व त्याने शिवाला येथे राजाला कैदेत टाकले. लोक खवळले, शिपाई कापले गेले, राजा गंगेवाटे निसटला आणि खुद्द हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. पुढे चेतसिंगाला थारा मिळाला तो महादजी शिंद्यांकडे, ग्वाल्हेरीस. म्हणजे साराटोगाच्या रणातील ठिणगी शिवाला घाटापर्यंत येऊन पडली होती.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला यॉर्कटाऊन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. अमेरिकेने पराभूत केलेला हाच सेनापती १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. १८०५ साली दुसऱ्यांदा आला, तेव्हा गाझीपूर येथे त्याला मृत्यूने गाठले. काशीच्या घाटांवरून वाहत जाणारे पाणी पुढे त्याच्या समाधीजवळून जाते.

ही साखळी एका पुस्तकात क्वचितच सापडते. अमेरिकेच्या इतिहासकाराच्या दृष्टीने चेतसिंग नगण्य, आणि काशीच्या इतिहासकाराच्या लेखी साराटोगा दूरची. दुवे जुळवायचे ते वाचकाने, आणि ते जुळवण्याची जागा म्हणजे ग्रंथालय. काशी हिंदू विश्वविद्यालयात १९४५ ते १९४७ या काळात डॉ. रंगनाथन ग्रंथपाल होते. त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात भारताचा अंक ४४, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा ७३. दोन्ही अंकांच्या कपाटांपुढे जो उभा राहील, त्यालाच १७८१ हे साल पुरते दिसेल.

त्या विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयाला सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे, आणि त्यातही अमेरिकेचा एक धागा गुंफलेला आहे. सयाजीराव १९०६ साली अमेरिकेत गेले होते. तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली बडोद्यास आणले. मग बडोद्याच्या खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. पुस्तक ही श्रीमंताच्या दिवाणखान्यातील शोभा नसून रयतेचा हक्क आहे, हा विचार त्या पेट्यांतून गावोगाव गेला. १९१३ साली ज्या तरुणाला त्यांनी शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मराठी मनाने अमेरिकेचा इतिहास केवळ कुतूहलापोटी वाचला नाही. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचा ग्रंथ वाचला, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केले, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा, अशी त्यांची आस होती. १८६५ साली अमेरिकेत दास्यमुक्तीचा कायदा झाला होता, १८७० साली मताचा अधिकारही मिळाला होता. जोतीरावांना दिसला तो त्या कथेचा उजळ भाग.

पण कथा तेथे संपत नव्हती. १८७७ नंतर दक्षिणेकडील संस्थानांतून संरक्षक सैन्याचा आधार निघून गेला, आणि कागदावरील हक्क व्यवहारात हिरावून घेतले गेले. ‘गुलामगिरी’नंतर ४० वर्षांनी अमेरिकेत पोहोचलेल्या आंबेडकरांपुढे हे उत्तर पर्वही होते. १९४६ साली त्यांनी निग्रो विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्य नमूद केले. कायद्याने बेडी तुटते. पण समाजाने मन बदलले नाही, तर तीच बेडी दुसऱ्या नावाने पुन्हा घातली जाते, हा धडा अमेरिकेच्या इतिहासातून मिळतो. आणि तो फार दूरचा नाही.

जोतीरावांना त्या इतिहासातून आशा मिळाली, बाबासाहेबांना सावधपणा. दोन्ही खऱ्या, आणि दोन्ही एकमेकींशिवाय अपुऱ्या. म्हणून इतिहासाचे पुस्तक मनाजोग्या पानावर मिटून चालत नाही. बालाजी घाटाच्या पायरीवर बसलेल्याला गंगेचा एकच वळसा दिसतो; चुनार वर राहते, गाझीपूर खाली. तेवढ्यावरून त्याने नदी पाहिली असे म्हणू नये. परक्या देशाचा इतिहास वाचणाऱ्यानेही एवढेच पथ्य पाळावे: दिसते तेवढ्यावर न थांबता शेजारचे कपाट उघडावे. तेथे पुष्कळदा आपल्याच गावाचे नाव लिहिलेले सापडते.