लिव्हरमधलं गळू आणि सुईची भीती

मीरा-भाईंदरच्या बचत गटांतल्या आम्ही बायका आज लिव्हरबद्दल, म्हणजे यकृताबद्दल बोलणार आहोत. मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो, तोच हा अवयव. आपल्या पोटात तो उजवीकडे, बरगड्यांच्या खाली असतो.

त्यात गळू झालं की थंडी वाजून ताप येतो, उजवी कूस दुखते, कधी उजवा खांदाही दुखतो. जेवण जात नाही. घरचे कावीळ समजून झाडपाला देतात आणि दिवस वाया जातात.

आपल्याकडे हे गळू बरेचदा आवेच्या अमिबामुळे होतं. दूषित पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून तो आतड्यात जातो आणि तिथून रक्तावाटे यकृतात. कर्त्या वयाच्या पुरुषांत हे जास्त दिसतं, दारू पिणाऱ्यांत आणखी. काही गळवं दुसऱ्या जंतूंमुळेही होतात.

सोनोग्राफीत गळू दिसतं. ते कशामुळे झालं याची शंका असेल, किंवा ते मोठं असेल, तर डॉक्टर सुईने पू काढायला सांगतात. इथेच घरं अडतात. “सुई लावली की आजार पसरतो,” असं कुणीतरी सांगतं आणि सही होत नाही.

सुई आंधळेपणाने टोचत नाहीत. आधी रक्त नीट गोठतं का ते बघतात. ती जंताची पाण्याची गाठ तर नाही ना, हेही तपासतात, कारण तिला तशीच सुई लावणं धोक्याचं असतं. मग जागा बधीर करून, सोनोग्राफीत बघत पू काढतात. अमिबाचा पू बहुधा चॉकलेटी असतो. थोडा पू काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पेशी बघतात: जंतूंचा पू आहे, की कॅन्सरच्या पेशी आहेत? पुवात अमिबा बरेचदा सापडत नाही, म्हणून रक्ताची तपासणीही करतात. उत्तरावरून औषध ठरतं. लहान गळू नुसत्या औषधानेही बरं होतं.

गळू पोटात किंवा छातीत फुटलं तर जिवावर बेतू शकतं. एकाएकी पोटात असह्य कळ आली, दम लागला, तर १०८ ला फोन करा.

तेव्हा ताप आणि उजवी कूस दुखणं एकत्र दिसलं, की सरकारी दवाखाना गाठा. पैशांची अडचण असेल तर गटातून अंतर्गत कर्ज मागा, लाजू नका. सहीच्या वेळी डॉक्टरांना विचारा: सुई कशासाठी, आणि रिपोर्ट कधी? बरं वाटलं तरी गोळ्या पूर्ण घ्यायला लावा. आणि पाणी उकळूनच प्या.