यंत्राच्या डोळ्याचे भिंग



वसंत व्याख्यानमालेत आपण इतिहास, साहित्य, अध्यात्म अशा थोर विषयांवरील व्याख्याने ऐकण्यास सरावलेले आहात. त्या पंक्तीला आज मी करंगळीच्या पेराएवढी एक वस्तू आणून बसवीत आहे. ती म्हणजे कारखान्यातील कॅमेऱ्याचे लहानसे भिंग. विषय रुक्ष वाटेल. परंतु गोखिवऱ्यात तरी तो परका नाही. गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यातील गाळ्यागाळ्यांतून माल तयार होतो, आणि बाहेर पडण्यापूर्वी तो कोणीतरी डोळ्यांखालून घालावा लागतो. आठ तासांच्या पाळीत तेच ते झाकण पाहून माणसाचा डोळा शिणतो, मन उडते, आणि सदोष नग सुटून जातो. म्हणून तपासणीच्या टेबलावर आता कॅमेरा येऊ लागला आहे.

१८९९ साली सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चलच्चित्र घेतले, तेव्हा ते चित्र माणसांनी पाहण्यासाठी होते. कारखान्यातील कॅमेऱ्याचे चित्र बहुधा कोणीच पाहत नाही. ते गणकयंत्राकडे जाते, आणि यंत्र 'ठेवा' किंवा 'टाका' एवढाच निकाल देते. म्हणजे हे चित्र साक्षीदार आहे. साक्षीदारच धूसर बोलू लागला तर न्यायाधीश कितीही बुद्धिमान असो, निकाल चुकणारच. चांगला माल बाद होतो, वाईट माल गिऱ्हाइकाकडे जातो, कर्ज काढून घेतलेले यंत्र कोपऱ्यात पडते. आणि दोष मात्र बहुतेक वेळा यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराला लागतो. हे टाळावयाचे तर भिंग नीट निवडले पाहिजे.

निवड कोठून सुरू करावी? सर्वसाधारण रीत अशी, की विक्रेत्याला किंमत विचारावयाची आणि किती मेगापिक्सेल ते पाहावयाचे. माझे सांगणे याच्या उलट आहे. आधी वस्तूकडे पाहा, भिंगाकडे सर्वांत शेवटी.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्याला पाण्याच्या बाटलीची झाकणे तपासावयाची आहेत. झाकणाचा व्यास ३० मिलिमीटर, आणि पकडावयाचा सर्वांत बारीक दोष ०.२ मिलिमीटरचा. हा दुसरा आकडा फार महत्त्वाचा. 'सगळे दोष दिसले पाहिजेत' हे उत्तर नव्हे. मालकाने आपल्या गिऱ्हाइकाशी बोलून हा आकडा ठरविलाच पाहिजे. झाकण थोडे इकडेतिकडे सरकणार, म्हणून ४८ गुणिले ३६ मिलिमीटरचे क्षेत्र चित्रात घेऊ. आता कॅमेऱ्यातील सेन्सर, म्हणजे चित्र जेथे उमटते ती चकती, ४.८ गुणिले ३.६ मिलिमीटरची आहे असे धरा. म्हणजे वस्तू दहापट लहान होऊन उमटणार. या चकतीवर आडवे १२८० आणि उभे ९६० टिपके असतील, तर एक टिपका वस्तूवरचे ०.०३७५ मिलिमीटर पाहतो, आणि आपला ०.२ मिलिमीटरचा दोष पाच टिपक्यांवर पसरतो. निदान तीन टिपके हवेत असा व्यवहारातला ठोकताळा आहे. तेव्हा बारा लाख टिपक्यांत काम भागते. सव्वा कोटींची गरज नाही.

त्याच चकतीत टिपके वाढविले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे. उत्तमातले उत्तम भिंगही बिंदूची प्रतिमा बिंदू म्हणून देत नाही. ती लहानशी गोल चकती होते. एअरी या इंग्रज ज्योतिर्विदाने १८३५ साली तिचे गणित मांडले. भिंगाचे नाभीय अंतर, ज्याला बाजारात फोकल लेंथ म्हणतात, त्याला भिंगाच्या तोंडाच्या व्यासाने भागले की एफ-आकडा येतो. एफ ४ असताना हिरव्या प्रकाशाची ती चकती सुमारे ५.४ मायक्रॉनची होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला टिपका ३.७५ मायक्रॉनचा आहे, तेव्हा जोडी बरी जमली. टिपका १.२ मायक्रॉनचा केला, तर एकच ठिपका चार टिपक्यांवर सांडेल. जाड बोरूने बारीक रेघांच्या वहीत लिहिण्यासारखे ते होईल.

दुसरा प्रश्न अंतराचा. दहापट लहान प्रतिमा हवी असेल तर वस्तू भिंगापासून नाभीय अंतराच्या अकरापट दूर ठेवावी लागते. म्हणून ८ मिलिमीटरच्या भिंगाला ८८, १२ च्या भिंगाला १३२ आणि १६ च्या भिंगाला १७६ मिलिमीटर जागा लागेल. यंत्रावर जागा किती, ते मोजपट्टीने मोजा. नाभीय अंतर आपोआप ठरेल. मात्र जागा असेल तर जवळचे भिंग घेऊ नका. पट्ट्यावर झाकण २ मिलिमीटर वर उचलले गेले, तर १३२ मिलिमीटरवरून त्याचे माप सुमारे दीड टक्क्याने चुकते; ४ मिलिमीटरचे भिंग घेऊन ४४ मिलिमीटरवर बसविले तर साडेचार टक्क्यांनी चुकते. तीस मिलिमीटरचे झाकण तेथे सव्वा मिलिमीटरहून अधिक मोठे भासेल. शिवाय लहान नाभीय अंतराच्या भिंगात सरळ रेघा कडेला वाकतात. डाग आहे की नाही एवढेच पाहावयाचे असेल तर हे चालून जाईल; माप घ्यावयाचे असेल तर नाही.

तिसरी गोष्ट नावाची. बाजारात आपल्या सेन्सरला 'एक-तृतीयांश इंची' म्हणतात. एक-तृतीयांश इंच म्हणजे साडेआठ मिलिमीटर. परंतु याचा कर्ण मोजला तर भरतो ६ मिलिमीटर! जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यात काचेची नळी असे, आणि तिच्या बाहेरच्या व्यासावरून नाव पडे. नळी गेली, नाव राहिले. म्हणून नावावर न जाता कर्ण मिलिमीटरमध्ये विचारा, आणि भिंगाचे प्रतिमावर्तुळ त्याहून मोठे आहे ना, ते पाहा. पाव इंची सेन्सरचे भिंग येथे बसविले तर आटे जुळतील, पण चित्राचे चारही कोपरे काळवंडतील.

चौथी गोष्ट प्रकाशाची. भिंगाचे तोंड लहान केले की स्पष्टतेची खोली वाढते. आपल्या उदाहरणात धूसरपणा एका टिपक्याएवढा चालवून घेतला, तर एफ ४ ला सुमारे ३.३ मिलिमीटर आणि एफ ८ ला ६.६ मिलिमीटर खोली मिळते. परंतु एफ ८ ला प्रकाश एक-चतुर्थांश होतो, आणि एअरीची चकती तीन टिपक्यांएवढी फुगते. पुष्कळ लहान भिंगांत हे तोंड कायमचे ठरलेले असते, म्हणून विचार खरेदीपूर्वीच करावा लागतो. त्यातच पट्टा चालता आहे. तो सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागातही झाकण अर्धा मिलिमीटर पुढे जाते. आपला दोष तर ०.२ मिलिमीटरचा! दहाहजाराव्या भागात चित्र घेतले पाहिजे, आणि तेवढ्या वेळात पुरेल असा दिव्याचा झोत पाहिजे. भिंगावर पैसे घालून दिव्यावर काटकसर करणे म्हणजे चष्मा घालून अंधारात वाचणे होय.

शेवटी आपल्या हवापाण्याचा विचार. या लहान भिंगांचे आटे बहुधा १२ मिलिमीटर व्यासाचे असतात, आणि एका फेऱ्यात भिंग अर्धा मिलिमीटर सरकते. दूरच्या दृश्यावरून आपल्या झाकणावर यावयास १२ मिलिमीटरच्या भिंगाला १.२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच फेरे बाहेर यावे लागते. साचेयंत्राच्या हादऱ्याने त्यातला थोडासा फेरा जरी फिरला, तरी चित्र धूसर होते. म्हणून भिंगावर चेकनट घट्ट हवा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या भिंगाची स्पष्टता सरकते. तेथे काचेचे भिंग बरे. पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा भिंगावर बुरशी धरविते. तेव्हा बंद पेटी आणि पुढे साधी काच असावी. काच पुसता येते, बदलता येते.

तेव्हा कारखानदार बंधूंनी विक्रेत्याकडे जाताना खिशात एक चिठ्ठी न्यावी. तिच्यावर पाच ओळी असाव्यात: वस्तू केवढी, दोष केवढा, जागा किती, वेग किती, आणि नुसते पाहावयाचे की मोजावयाचे. आणि आणखी एक करावे. तपासणीच्या टेबलावर वर्षानुवर्षे बसलेल्या बाईंना आधी विचारावे की दोष कोणत्या बाजूने उजेड आला म्हणजे दिसतो. त्या झाकण हातात घेऊन कसे तिरपे करतात, ते पाहावे. कॅमेरा कोठे ठेवावा आणि दिवा कोठे, याचे निम्मे उत्तर त्या हालचालीत असते. यंत्राला डोळा देताना ज्या डोळ्यांनी आजवर माल राखला, त्यांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही, शहाणपण आहे.